तिकिटावरची दुसरी बाई

युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात जाणारं विमान आपल्याकडच्या कोल्हापूर-पुणे गाडीच्या भाड्यात मिळतं, हे माझ्या नवऱ्याला ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून आमच्या घरातलं स्वास्थ्य गेलं. त्याचं शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गिऱ्हाईक समोर उभं राहून वायसर मागतंय आणि हा गल्ल्यावर बसून लिस्बनचं भाडं बघतोय, अशी स्थिती. जेवताना ताटाशेजारी फोन. "बघ, मंगळवारी उतरलंय," असं तो मध्येच म्हणायचा, आणि मी आमटी वाढता वाढता कशाचं काय उतरलं ते विचारायची. समोर असला की मी त्याला अहो-जाहोच करते. लिहिताना मात्र तो तो असतो, तेवढी मुभा मी घेते.

जायचं कारण खरं होतं आणि ते एकच होतं. आमची मुलगी चार वर्षं हॉलंडमध्ये खारवट जमिनीवर संशोधन करत होती. तिकडं पीएचडीचा शेवट सगळ्यांच्या समोर होतो. एका दालनात आईबाप, मित्र, शेजारी कोणीही येऊन बसतात, प्राध्यापक प्रश्न विचारतात, तिनं उत्तरं द्यायची, आणि ठरलेला वेळ संपला की खेळ खलास. मुलगी फोनवर म्हणाली होती, "आई, तू पहिल्या रांगेत बसायचं. मला भीती वाटली तर मी तुझ्याकडं बघेन." मी स्वतः बारावी झालेली. तिच्या शाळेच्या वह्यांना मी कव्हरं घातली, पाढे घेतले, सातवीनंतर तिचं गणित मला कळेनासं झालं तरी शेजारी बसून राहिले. माझ्या दृष्टीनं तो सगळा प्रवास त्या एका तासाचा होता. उरलेला युरोप नसता तरी चाललं असतं.

नवऱ्याच्या दृष्टीनं मात्र व्हिसा मिळालाय म्हटल्यावर तो पुरता वसूल व्हायला हवा होता. थेट मुलीकडं न जाता मिलानला उतरायचं, कारण ते स्वस्त. दोन दिवस मिलान बघायचं. तिसऱ्या दिवशी त्या स्वस्त विमानानं मुलीच्या जवळच्या विमानतळावर, आणि चौथ्या दिवशी दुपारी तिचा कार्यक्रम. मग तिला घेऊन आणखी दोन शहरं. मी म्हटलं, एक दिवस आधी जाऊया, काही अडचण आली तर? "अडचण कशाची येतीय? एष्टी हाय का बंद पडायला?" असं म्हणून तो विषय त्यानं मिटवला. मला तेव्हापासून झोप नीट लागली नाही.

मुंबई ते मिलानचं तिकीट एजंटानं काढलं. त्याच्याकडं आमच्या पासपोर्टच्या झेरॉक्स होत्या. पुढची सगळी स्वस्त तिकिटं नवऱ्यानं स्वतः काढली, दुकानात बसून, फोनवर, पासपोर्ट घरी कपाटात असताना. फोननं प्रवाशाचं नाव विचारलं. त्यानं आपलं घातलं आणि मग माझं घातलं. माझं म्हणजे तो मला ज्या नावानं ओळखतो ते.

इथं थोडं मागं जायला लागेल. माझं माहेर कबनूरचं. घरात माग, दिवसभर खडखडाट, त्यामुळं आमच्याकडं कोणी हळू बोलतच नसे. वडील मागांच्या वरताण आवाज काढून मला हाक मारायचे ते बारशाच्या नावानं. शाळेत तेच नाव, दाखल्यावर तेच. भावांना मी पहिल्यापासून अक्का. मग माझं लग्न कोल्हापुरात ठरलं आणि बोलणी पक्की होता होता लक्षात आलं की माझं आणि होणाऱ्या सासूबाईंचं नाव एकच आहे. आता एका घरात एका नावाच्या सासू-सून कशा चालणार? सासऱ्यांनी बायकोला हाक मारली तर सून ओ देणार, आणि सुनेला कोणी रागानं काही बोललं तर ते सासूला लागणार. तेव्हा नाव बदलायचंच होतं, यात कुणाचं दुमत नव्हतं, माझंही नव्हतं. आत्यासासूबाईंनी नवं नाव सुचवलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं त्यावर अंगठीनं ते लिहिलं. त्याचं अक्षर इतकं गचाळ की कुणालाच वाचता येईना, शेवटी भटजींनी मोठ्यानं सांगितलं.

तुला वाईट नाही वाटलं, असं मुलीनं मला एकदा विचारलं होतं. तेव्हा नव्हतं वाटलं. नवी पातळं, नवं घर, नवी माणसं, त्यात एक नवं नाव. वडील होते तोवर जुनं नाव कधीमधी कानावर पडायचं. ते गेले, मग आई गेली, आणि ते नाव फक्त कागदावर उरलं. शाळेचा दाखला, बँक, आधार, सगळीकडं तेच, फक्त लग्नानंतरच्या कागदांवर त्यापुढं नवऱ्याचं नाव आणि आडनाव. ती दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही. त्यातलं कुठलं आधी लिहायचं, इथंच माझं अडतं.

पासपोर्ट काढला तेव्हाच खरं तर सूचना मिळाली होती. चौकशीला पोलीस आला तेव्हा आमच्या घराला कुलूप होतं. त्यानं शेजारच्या काकूंना कागदावरचं नाव वाचून दाखवलं आणि या बाई इथं राहतात का म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, "त्या वारल्या की हो साहेब. चार वर्षं झाली." सासूबाई खरोखरच चार वर्षांपूर्वी गेल्या होत्या, त्यामुळं काकू काही खोटं बोलल्या नव्हत्या. मी जिवंत आहे हे पटवायला नवऱ्याला ठाण्यात दोन हेलपाटे घालायला लागले. महिनाभर आम्ही ते पाहुण्यारावळ्यांना सांगून हसत होतो. एवढं होऊनसुद्धा तिकीट काढताना त्याला ते आठवलं नाही.

मिलानमध्ये मी काय बघितलं ते विचारू नका. मोठं चर्च बघितलं, त्याच्या छपरावर चढलो, खाली आलो. माझं सगळं लक्ष घड्याळाकडं. नवरा कबुतरांचे फोटो काढत होता आणि मी मनातल्या मनात मुलीला प्रश्न विचारत होते, तिच्या विषयातलं मला ओ की ठो कळत नसताना. हॉटेलात मी तीनदा बॅग भरली. तिसऱ्या दिवशी विमान अडीचचं, तर मी नवऱ्याला साडेअकरालाच विमानतळावर नेऊन उभं केलं. फोनवर आमचं चेक-इन आधीच झालं होतं. पण युरोपाबाहेरच्या माणसांनी काउंटरवर जाऊन कागद दाखवायचे आणि शिक्का घ्यायचा, असा त्या कंपनीचा नियम होता. मी म्हटलं, तेवढं उरकूया आणि मग निवांत बसूया.

काउंटरवर केस घट्ट बांधलेली एक मुलगी होती. नवऱ्याचे कागद तिनं बघितले, शिक्का मारला. माझा पासपोर्ट उघडला, तिकीट बघितलं, परत पासपोर्ट बघितला, माझ्या तोंडाकडं बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "हे तिकीट तुमचं नाही."

नवऱ्याला आधी वाटलं आसन क्रमांक चुकला असेल. त्यानं वाकून बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं. पण तो हरला नाही. तो तिला इंग्रजीत समजावून सांगायला लागला की बाई तीच आहे, आमच्याकडं लग्नानंतर नाव बदलतात. ती म्हणाली, आडनाव बदलतात ते तिला माहीत आहे, पण इथं आडनाव बरोबर आहे आणि पहिलं नाव वेगळं आहे. तसा काही कागद आहे का? कागद कुठला असायला. तांदळात लिहिलं होतं. नवऱ्यानं तिला फोनमधला आमच्या लग्नाचा फोटो दाखवला. तिनं तो बघितला, छान आहे म्हणाली, आणि फोन परत दिला.

"मॅडम, काहीतरी ॲडजस्ट करा की," हे मात्र तो चक्क मराठीत म्हणाला. आपल्याकडं हे वाक्य कुठंही चालतं, सरकारी कचेरीत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलवर. तिला ते कळलं नाही आणि कळलं असतं तरी तिच्या हातात काही नव्हतं. एखाददुसरं अक्षर चुकलं असतं तर तिनंच दुरुस्त केलं असतं. अख्खं नाव वेगळं म्हणजे माणूस वेगळा. पलीकडं तिकिटांचं दुसरं काउंटर आहे, तिथं पैसे भरून नाव बदलून घ्या, ते विमान सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं, घाई करा, असं तिनं सांगितलं आणि मागच्या माणसाला पुढं बोलावलं.

दुसऱ्या काउंटरसमोर लांबलचक रांग. आत माणूस एकच आणि त्याला कसली म्हणून घाई नाही. नवऱ्यानं एजंटाला फोन लावला. कोल्हापुरात तेव्हा दुपारचे साडेतीन झालेले, म्हणजे दुकान बंद करून तो झोपलेला. फोन वाजत राहिला. मग नवऱ्यानं तिकिटाच्या त्या ॲपमध्येच खटपट करून बघितली, पण चेक-इन झालेलं तिकीट तिथं बदलता येईना. रांग इंचभर सरकायची आणि थांबायची. मी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. मुलीचा संदेश आला, "निघालात का?" मी फोन पर्समध्ये टाकला.

मग माझा तोल गेला. आमचं दोघांचं बोलणं तिथं कुणाला कळणार, म्हणून मी आवाजही खाली ठेवला नाही.

"कुणाचं नाव घातलासा तुमी?"

"तुझंच की."

"ते माझं न्हाय. पासपोर्ट बघून घालायला काय झालतं?"

"अगं, बायकोचं नाव लिहायला पासपोर्ट बघायचा व्हय?" तो म्हणाला, आणि तेही इतक्या साधेपणानं. त्यानं मी जास्तच भडकले. तीस वर्षं एका ताटात जेवतोय आणि या माणसाला माझं खरं नाव तिकिटावर घालावंसं वाटलं नाही. लेक तिकडं उद्या उभी राहणार, पहिल्या रांगेत माझी खुर्ची रिकामी, आणि कारण काय, तर आईला काय म्हणतात ते बापाला आठवलं नाही. हे सगळं मी बोलले. आणखीही बरंच बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.

आमचा नंबर आला तेव्हा काउंटर बंद व्हायला जेमतेम वीस मिनिटं होती. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, खरं नाव काय? नवऱ्यानं माझ्याकडं हात पुढं केला, पासपोर्टसाठी. पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. मी पर्स काखेत दाबून धरली.

"नाव सांगा त्याला," मी म्हटलं.

"पासपोर्ट दे की."

"बायकोचं नाव लिहायला पासपोर्ट लागत न्हाय म्हणालासा न्हवं? मग सांगा तोंडानं. मग देते."

आज लिहिताना मला याची लाज वाटते. वीस मिनिटं राहिली होती, मुलगी वाट बघत होती, आणि मी काउंटरवर हट्ट धरून बसले होते. पण त्या घटकेला मला तेच हवं होतं. विमान चुकलं तर चुकलं, याच्या तोंडून ते निघू दे. काउंटरवरचा माणूस आमच्याकडं आळीपाळीनं बघत होता. मागचे लोक चुळबुळ करायला लागले.

नवरा काउंटरला टेकला. मग खाली बघत हळू आवाजात म्हणाला, "आईचं नाव हाय गं ते. तिला जल्मात कधी नावानं बोललो न्हाय. तुला कसं बोलू?"

हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्याला ते नाव आठवत नव्हतं असं नाही, ते त्याच्या जिभेवर कधी आलंच नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हा तेराव्याच्या पत्रिकेवर नाव छापायचं होतं, तेही त्यानं धाकट्या भावाला सांगायला लावलं होतं. मला एकदम ते चित्र दिसलं. मी पासपोर्ट काउंटरवर ठेवला आणि तिथून निघाले. राग गेला नव्हता, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना. तिथं उभं राहून तो माझ्यासाठी आईचं नाव घेतोय, हे मला ऐकायचं नव्हतं.

मी चालत सुटले. संडासाच्या दारापासून थंड पेयांच्या यंत्रापर्यंत आणि परत. रेल्वेनं गेलं तर उद्या दुपारपर्यंत पोचता येईल का, ते फोनवर बघायला लागले, पण घाईत भलतंच काहीतरी उघडत होतं. नवऱ्याचं तिकीट चांगलं होतं. तो गेला तरी चालेल, एक तरी माणूस तिच्यासमोर बसेल, असा हिशेब मी मांडत होते, आणि लगेच मोडत होते, कारण ती मला म्हणाली होती, त्याला नाही. समोरच्या पाटीवर आमच्या विमानापुढं लाल अक्षरं लुकलुकायला लागली.

तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली. कोल्हापुरी आवाज, त्या अख्ख्या इमारतीत तसा आवाज दुसरा नव्हता. पण हाक सासूबाईंच्या नावानं होती. खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की सासूबाई कुठून आल्या. मी पदर सावरला. मग वाटलं, इथं आपल्याकडचंच कोणी कुटुंब असेल, त्यातली कोणी बाई मागं राहिली असेल. दुसरी हाक आली, तिसरी आली. कोण आहे ती बाई, ओ का देत नाही, एवढ्या हाका मारायला लावते, असं माझ्या मनात आलं, आणि मी परत फोनमध्ये बघायला लागले.

मग नवऱ्यानं येऊन माझा दंड धरला. धापा टाकत होता. हातात नवं तिकीट, त्यावर शिक्का. "चल, पळ," एवढंच म्हणाला.

आम्ही पळालो. तपासणीच्या रांगेत लोकांनी आम्हांला पुढं सोडलं. दारावरच्या मुलीनं माझा पासपोर्ट उघडून नाव वाचलं, तिच्या पद्धतीनं, सगळे काने-वेलांट्या इकडंतिकडं करून, आणि प्रश्न केल्यासारखं माझ्याकडं बघितलं. मी हो म्हणाले. विमानात आम्हांला एकत्र जागा नव्हती. तो पुढं, मी पार शेवटी, दोन अनोळखी माणसांच्या मध्ये. पंच्याऐंशी मिनिटांच्या त्या प्रवासात मी ते तिकीट हातातून खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पहिल्या रांगेत बसले होते. मुलगी काळ्या कपड्यांत उभी होती, समोर झगे घातलेले प्राध्यापक. तिनं तासभर उत्तरं दिली. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. तिला भीतीच वाटली नाही. मी तिच्याकडं बघत बसले आणि माझे डोळे दोन वेळा भरून आले, एकदा अभिमानानं आणि एकदा आदल्या दिवशी काउंटरवर मी काय पणाला लावलं होतं ते आठवून.

पुढची दोन शहरं आम्ही रद्द केली. त्या दुसऱ्या बाईच्या नावावरची तिकिटं तशीच वाया गेली. त्या संध्याकाळी मुलीच्या घरी तिच्या मित्रमैत्रिणींसाठी जेवण होतं. पाहुणे पांगल्यावर आम्ही तिघंच उरलो, आणि नवऱ्यानं विमानतळाची सगळी हकिकत मुलीला रंगवून सांगितली. स्वतःची फजिती सांगायला तो कधी लाजत नाही. काउंटरवर आजीचं नाव कसं एक-एक अक्षर फोडून सांगायला लागलं, पासपोर्ट समोर असूनही त्या माणसाला ते कसं नीट टाइप करता येईना, दहादा म्हणून कसं तोंड मोकळं झालं, सगळं सांगितलं.

"मग म्हटलं, आता निघतंयच तोंडातनं, तर हाक पण मारून बघावी," तो म्हणाला. "मारल्या की तीन हाका, सगळ्या लोकांत."

मुलीचं हसणं थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "मग आई काय म्हणाली?"

"काय म्हणतीय? वळली पण न्हाय," नवरा म्हणाला. "लई रागावलती."

मुलीनं माझ्या हातावर हात ठेवला. रागावणारच की, असं काहीतरी म्हणाली. मी ताटं गोळा करायला उठले, आणि मी रागावले होते म्हणूनच वळले नाही, असं त्या दोघांना वाटू दिलं.